करंट पोहोचला, ऊब पोहोचेना: आकार लक्षात ठेवणाऱ्या प्लास्टिकची गोष्ट

एपिसोड ऐकताना ज्यांचे आकडे निसटले, किंवा ज्यांना लोकलच्या गोंगाटात अर्धंच ऐकू आलं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलतानाचे "म्हणजे" आणि "बघा" शक्य तेवढे काढलेत. उरलेले चालवून घ्या.

सुरुवात करू ५ जानेवारी २०२० पासून. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर शिजियान-२० नावाचा एक चिनी उपग्रह आहे. २७ डिसेंबर २०१९ ला तो सोडला गेला होता. त्याच्यावर चटईसारखं गुंडाळलेलं एक लवचिक सोलर पॅनेल होतं. ५ जानेवारीला ते उलगडलं. गंमत अशी की उलगडण्याचं काम मोटर किंवा गिअरने केलं नाही. पॅनेलला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच अशा प्लास्टिकच्या होत्या, की तापवल्यावर त्यांना आपला मूळचा सरळ आकार "आठवला". हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले प्राध्यापक जिनसाँग लेंग यांच्या गटाचं हे काम. पुढे २०२१ मध्ये तिआनवेन-१ मोहिमेने मंगळावर चीनचा झेंडा उलगडला, तोही याच जातीच्या मटेरियलने.

आता विचार करा. तिथे दुरुस्तीला कोणी जाणार नाही. पट्टी एका जागी तापली आणि दुसऱ्या जागी गार राहिली, तर पॅनेल अर्धवट वाकडंच राहणार आणि पॅनेलवर होणारं सगळं काम बोंबलणार. म्हणजे "तापवलं की उघडतं" या तीन शब्दांतला सगळ्यात अवघड शब्द "तापवलं" हा आहे.

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो. सिस्टीम स्लो झाली की मीटिंगमध्ये सगळे आधी प्रोसेसरकडे बोट दाखवतात. पण बऱ्याचदा घोडं अडलेलं असतं ते डेटा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यात. या प्लास्टिकचा इतिहास वाचताना मला हेच दिसत राहिलं. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट "प्लास्टिकमधून वीज कशी वाहायला लागली" अशी सांगतात. मला वाटतं खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. वीज वाहायला लागली, पण उष्णता जिथे हवी तिथे, हवी तेव्हा पोहोचेना. आजचा एपिसोड त्या अडलेल्या घोड्याबद्दल.

खोबरेल तेलातलं रबरबँड

आधी हे प्लास्टिक "लक्षात" कसं ठेवतं ते बघू. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. समजा, त्या बाटलीत तुम्ही ताणलेलं रबरबँड ठेवलं आणि तेल थिजू दिलं. हात सोडला तरी रबरबँड ताणलेलंच राहील, कारण थिजलेल्या तेलाने त्याला पकडून ठेवलंय. बाटली गरम पाण्यात धरली की तेल वितळतं आणि रबरबँड चटकन आखडतं.

शेप मेमरी पॉलिमरमध्ये साधारण हेच असतं, फक्त दोन्ही गोष्टी एकाच पदार्थात. लांबलचक रेणूंच्या साखळ्या काही ठिकाणी एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असतात. ते रबरबँड, मूळ आकार त्याच्याकडे असतो. आणि त्याच पदार्थाचा काही भाग विशिष्ट तापमानाखाली कडक होतो, वर गेला की मऊ होतो. ते खोबरेल तेल.

ही कल्पना जुनी आहे. १९४१ च्या एका अमेरिकन पेटंटमध्ये व्हर्नन नावाच्या संशोधकांनी दातांच्या कामासाठीच्या रेझिनचा हा गुण नोंदवला आणि त्याला लवचिक स्मृती अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे १९५० च्या दशकात ब्रिटनच्या हार्वेल अणुसंशोधन केंद्रात आर्थर चार्ल्सबी पॉलिथिलीनवर किरणोत्सर्गाचा मारा करून बघत होते. त्यातून साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि असं पॉलिथिलीन तापवल्यावर वितळून वाहत नाही, रबरासारखं होतं, हे त्यांनी दाखवलं. गरम असताना ताणा, ताणलेलं असतानाच गार करा, पुन्हा तापवा: ते मूळ आकारात परत येतं.

याचा धंदा केला पॉल कुक यांनी. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी जी कंपनी सुरू केली ती पुढे रेकेम म्हणून ओळखली गेली. हीट श्रिंक स्लीव्ह हे तिचं गाजलेलं उत्पादन. इलेक्ट्रिशियन वायरच्या जोडावर काळी नळी सरकवतो, हीट गन किंवा सरळ लायटर फिरवतो आणि नळी आवळून बसते. तीच ती. आपल्यातल्या कित्येकांनी शेप मेमरी पॉलिमर हातात धरलंय, फक्त नाव माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. नळी पातळ आहे आणि उष्णता बाहेरून येते. माणूस हीट गन फिरवतोय, डोळ्यांनी बघतोय, एखादी जागा राहिली तर पुन्हा फिरवतोय. उष्णता सगळीकडे पोहोचली की नाही याची जबाबदारी माणसाच्या हातावर आहे.

हीट गन जिथे जात नाही

१९८४ मध्ये जपानच्या निप्पॉन झिऑन कंपनीने पॉलिनॉर्बोर्नीन हे शेप मेमरी प्लास्टिक म्हणून बाजारात आणलं. ते मूळचं फ्रान्सच्या सीडीएफ शिमी कंपनीचं. त्याच दशकाच्या शेवटी मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजमध्ये शुनइची हायाशी यांनी पॉलियुरेथेनवर काम केलं. त्याचा मोठा फायदा असा की आकार बदलण्याचं तापमान बऱ्यापैकी ठरवून घेता येऊ लागलं. मग २००२ मध्ये आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात शरीरात विरघळणारा शेप मेमरी धागा दाखवला. जखमेवर सैल गाठ मारायची, तापमान थोडं वाढलं की गाठ आपोआप आवळते.

आता स्वप्नं वाढली. उपग्रहाचे हात, यंत्राची बोटं, शरीरातली उपकरणं. पण अंतराळात हीट गन घेऊन कोण जाणार? तिथे हवाच नाही, तर गरम हवा कुठली! वायर मात्र सगळीकडे जाते. म्हणून प्रश्न उभा राहिला: या प्लास्टिकला आतूनच, विजेने तापवता येईल का?

तत्त्व तर १८४१ पासून तयार होतं. मँचेस्टरजवळच्या एका दारूभट्टीवाल्याचा मुलगा जेम्स जूल. त्याने मोजून दाखवलं की तारेतून करंट गेला की उष्णता तयार होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपली इस्त्री, गीझर, सगळं याच नियमावर चालतं. अडचण एकच: त्यासाठी करंट वाहायला हवा, आणि प्लास्टिक तर आपण वायरवर चढवतो ते करंट वाहू नये म्हणून.

नदीतले दगड

उपाय असा: प्लास्टिकमध्ये वीज वाहणारे बारीक कण मिसळायचे. काजळीसारखा कार्बन ब्लॅक, नाहीतर धातूची पूड. पण किती मिसळायचे? इथे एका गणिताने मदत केली, जे मुळात प्लास्टिकसाठी नव्हतंच. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्सली यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यामागे गॅस मास्कमधल्या कोळशाच्या दाण्यांचा प्रश्न होता: वाटेल तशा विखुरलेल्या छिद्रांतून वायू आरपार जाऊ शकेल का? त्यातून परकोलेशनचा सिद्धांत जन्मला.

नदीत कुठेही दगड टाकत राहा. बराच वेळ काहीच होत नाही, एकही माणूस पलीकडे जात नाही. मग एक दगड असा पडतो, की या काठापासून त्या काठापर्यंत उड्या मारत जाण्याची वाट तयार होते. प्लास्टिकमधल्या कार्बनचं तसंच आहे. एका मर्यादेपर्यंत प्लास्टिक इन्सुलेटरच राहतं. मर्यादा ओलांडली की त्याची वीज वाहण्याची क्षमता कित्येक लाख पटींनी उसळते.

१९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बन नॅनोट्यूबचं वर्णन केलं आणि दगडांच्या जागी लांब बांबूच मिळाले. आडवेतिडवे टाकले तरी थोड्यात पूल होतो. २००५ मध्ये सोलच्या कोनकुक विद्यापीठातल्या गटाने शेप मेमरी पॉलियुरेथेनमध्ये वजनाने ५ टक्के नॅनोट्यूब मिसळून ४० व्होल्ट लावले. वाकवलेला नमुना साधारण १० सेकंदांत जवळजवळ मूळ आकारात आला. विजेच्या ऊर्जेपैकी १०.४ टक्के आकार परत आणण्याच्या कामी आली, असं त्यांनी मोजलं.

बहुतेक गोष्टी इथे टाळ्या घेऊन संपतात. आपण इथून पुढे जाऊ. कारण तो नमुना पातळ होता. जाड केला तर? आणि उरलेली जवळपास ९० टक्के ऊर्जा, ती कुठे गेली?

उष्णता उड्या मारत नाही

आता भेटू जोसेफ फूरिएला. नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये ग्रेनोबलचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा माणूस. कारभार सांभाळत त्याने उष्णता पदार्थातून कशी पसरते याचं गणित बसवलं. १८२२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्या गणितातून एक क्रूर नियम निघतो: अंतर दुप्पट केलं तर उष्णता पोहोचायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो.

नेहमीच्या प्लास्टिकचे आकडे घालून बघा. उष्णतेला १ मिलिमीटर आत शिरायला साधारण १० सेकंद लागतात. १ सेंटिमीटर शिरायला त्याच्या शंभरपट, म्हणजे जवळपास १७ मिनिटं. तांब्यात तेच १ सेंटिमीटर साधारण एका सेकंदाचं काम. खोबरेल तेलाची बाटली पुन्हा आठवा: कडेचं तेल पातळ झालेलं असतं आणि मध्ये पांढरा गोळा तरंगत असतो. आंघोळीला उशीर होतो तो त्या गोळ्यामुळे.

मग वाटेल, नॅनोट्यूब घातल्यात ना? वीज वाहते म्हणजे उष्णताही वाहील. धातूंच्या बाबतीत हे खरंच आहे. १८५३ मध्ये विडेमान आणि फ्रान्झ या दोघा जर्मनांनी दाखवलं होतं की विजेचे चांगले वाहक उष्णतेचेही चांगले वाहक असतात, कारण धातूत दोन्ही कामं मुख्यतः इलेक्ट्रॉनच करतात. त्यात २००१ मध्ये एकेकट्या नॅनोट्यूबची उष्णतावाहकता मोजली गेली, तर ती दर मीटर दर केल्व्हिन ३००० वॅटच्या वर निघाली. तांबं ४०० च्या आसपास, साधं प्लास्टिक ०.२ च्या आसपास. म्हणजे चमत्कार व्हायला हवा होता.

झाला नाही. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इपॉक्सीमध्ये १ टक्का नॅनोट्यूब घालून बघितल्या. वीज वाहायला एक टक्क्याहूनही कितीतरी कमी प्रमाण पुरलं. उष्णतावाहकता मात्र वाढली १२५ टक्क्यांनी, म्हणजे दुपटीपेक्षा थोडी जास्त. वाईट नाही, पण लाखो पटींच्या उसळीसमोर दुप्पट म्हणजे काय!

कारणं दोन. पहिलं असं: विजेसाठी प्लास्टिक ही भिंत आहे. कार्बन आणि प्लास्टिक यांच्या विद्युतवाहकतेत एकावर पंधरा शून्यं किंवा त्याहूनही जास्त फरक असतो. त्यामुळे करंट निमूटपणे दगडांच्या वाटेनेच जातो. उष्णतेसाठी मात्र प्लास्टिक ही भिंत नाही, चिखल आहे. नॅनोट्यूब आणि प्लास्टिक यांच्यातला फरक दहा-पंधरा हजार पटींचा. उष्णता वाटेवरून जाते, चिखलातूनही जाते, वाटेतच चिखलात उतरते. म्हणून "आता वाट झाली" असा उसळीचा क्षण तिच्या बाबतीत येतच नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी नेमकं हेच गणिताने मांडलं.

दुसरं कारण समजायला दादर स्टेशन पुरे. फास्ट लोकल कितीही फास्ट असू दे, दादरला उतरून पूल चढायचा, गर्दीतून पलीकडे जायचं, दुसरी गाडी पकडायची. वेळ जातो तो त्या पुलावर. नॅनोट्यूबमध्ये उष्णता अणूंच्या थरथरीतून सुसाट जाते. पण नॅनोट्यूब कडक, प्लास्टिक लिबलिबीत, दोघांची थरथरण्याची पद्धत जुळत नाही. म्हणून सीमेवर उष्णता अडखळते. दोन पदार्थांच्या सीमेवर तापमानाची अशी उडी असते, हे प्योत्र कपित्सा यांनी १९४१ मध्ये द्रव हेलियमवर काम करताना नोंदवलं होतं. २००३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने ही अडखळ द्रवात विखुरलेल्या नॅनोट्यूबच्या पृष्ठभागावर मोजली, आणि ती बरीच मोठी निघाली. मिश्रणात तर अशा सीमा कोट्यवधी. प्रत्येक सीमा एक दादर.

बरं, नॅनोट्यूबचा पृष्ठभाग ॲसिडने थोडा खरवडला तर प्लास्टिकशी पकड सुधारते. सोलच्या गटाने तसं केलंही होतं. पण त्याने नॅनोट्यूबची जाळी बिघडते आणि मिश्रण वीज कमी वाहतं, हेही त्यांनीच लिहिलं. पुलासाठी जागा काढायची तर रूळ उखडायचे, असा हा सौदा.

एकीकडे करपलं, एकीकडे कच्चं

तुम्ही म्हणाल, करंट सगळीकडून वाहिला तर उष्णता सगळीकडेच तयार होईल, मग ती वाहून न्यायची गरजच काय? मुद्दा रास्त आहे. कण आत मिसळण्यामागे आशा तीच होती. पण कण कधीच एकसारखे पसरत नाहीत. पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसे त्यांचे पुंजके होतात. करंट मोजक्या वाटांत दाटतो आणि तिथेच उष्णता तयार होते.

त्यात आणखी एक फास आहे. तापलेलं प्लास्टिक फुगतं, कण एकमेकांपासून दूर जातात, तिथला रोध वाढतो. हा गुण रेकेमनेच पुढे स्वतःला आवरणाऱ्या हीटिंग केबलसाठी आणि आपोआप पूर्ववत होणाऱ्या फ्यूजसाठी वापरला. असे फ्यूज मोबाइलच्या बॅटरी पॅकमध्येही वापरले गेलेत. फ्यूजमध्ये जो गुण, तो इथे दोष ठरू शकतो. तापलेला पट्टा करंटच्या वाटेत आडवा आला, तर तोच करंट जास्त रोधातून जातो, तिथे आणखी उष्णता होते, रोध आणखी वाढतो. उष्णता आजूबाजूला पटकन पसरली तर हा फास सुटतो. पसरली नाही तर एक जागा करपते आणि शेजारची कच्चीच राहते.

मग कण वाढवायचे का? तेही एका मर्यादेपर्यंतच. जास्त कण म्हणजे ओतायला अवघड रेझिन, आणि वाकायला, परत यायला नाखूश प्लास्टिक. तेल वितळेल, पण रबरबँडच कडक झालेलं असेल.

म्हणून लोक वेगवेगळ्या वाटांनी गेले. २००८ मध्ये हार्बिनच्याच गटाने सिंगापूरच्या सहकाऱ्यांसोबत निकेलची पूड घातली आणि रेझिन घट्ट होण्याआधी चुंबकाने ते कण माळेसारखे ओवून घेतले. वाट योगायोगावर सोडायची नाही, आपणच आखायची. दुसऱ्या प्रकारात कण मिसळणंच सोडलं. कार्बन नॅनोफायबरचा कागद बनवायचा आणि प्लास्टिकला चिकटवायचा. वीज कागदातून जाते, कागद छान एकसारखा तापतो. पण आता सगळी उष्णता एका पातळ थरात, आणि खाली जाड प्लास्टिक. तवा तापला, भाकरी कच्ची. फूरिए पुन्हा दारात उभा!

इथे मला आवडलेलं पाऊल येतं. २०१४ च्या सुमारास हायबाओ लू, लेंग आणि सिंगापूरचे वेइ मिन हुआंग यांच्या कामात नॅनोफायबरच्या जोडीला षट्कोनी बोरॉन नायट्राइड आलं. दिसायला पांढरं, रचना ग्रॅफाइटसारखी थरांची. वीज अजिबात वाहत नाही, उष्णता मात्र उत्तम वाहतं. म्हणजे विडेमान-फ्रान्झच्या नियमाबाहेरचा गडी. इथे कामं वाटून दिली: कार्बनने उष्णता तयार करायची, बोरॉन नायट्राइडने ती कागदातून प्लास्टिककडे पोहोचवायची. विजेच्या वाटा न बिघडवता उष्णतेसाठी वेगळी वाट. यामुळे आकार परत येण्याचं काम सुधारलं, असं त्यांनी दाखवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरवर सगळं लादण्याऐवजी दोन सर्व्हिस वेगळ्या केल्या.

सीमेवरची अडखळ यानेही पूर्ण जात नाही. बोरॉन नायट्राइडचे पापुद्रे आडव्या दिशेने उष्णता जोरात नेतात, जाडीच्या दिशेने कितीतरी कमी. ते कसे पडलेत यावर खेळ ठरतो.

गार होण्याचं काय?

अजून एक अर्धा भाग राहिला, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हे प्लास्टिक नवा आकार पकडून ठेवतं ते गार झाल्यावर. तापवायला तुम्ही व्होल्टेज वाढवू शकता. गार करायला कुठलं बटण आहे? आतली उष्णता त्याच चिखलातून बाहेर यायला हवी. उपग्रहाचं पॅनेल एकदाच उघडायचं असतं, तिथे हे निभावतं. पण यंत्राचं बोट दिवसातून हजारदा उघडझाप करायचं असेल, तर वेग ठरवणार गार होण्याचा वेळ. शरीराच्या आत तर बाहेर पडणारी प्रत्येक अंशाची उष्णता शेजारच्या जिवंत पेशींना सोसावी लागणार. तिथे "थोडी जागा जास्त तापली" हे वाक्य चालत नाही.

म्हणून "प्लास्टिक विजेवर आकार बदलतं" असा व्हिडिओ तुमच्या फीडवर आला, तर मी सुचवेन की तीन प्रश्न विचारा. नमुना किती जाड आहे? सगळीकडे सारखा तापला का? आणि पुन्हा गार व्हायला किती वेळ लागला? व्हिडिओ बहुधा पहिल्या दहा सेकंदांचा असतो. उत्तरं त्यानंतरच्या दहा मिनिटांत असतात.

जूलचा नियम १८४१ चा, फूरिएचं पुस्तक त्याच्याही १९ वर्षं आधीचं. वीज आत नेण्याचा प्रश्न आपण नवीन मटेरियल शोधून बराचसा सोडवला. उष्णता पसरवण्याच्या प्रश्नाने मात्र प्रत्येक नव्या मटेरियलला त्याच जुन्या समीकरणासमोर आणून उभं केलं. ज्यांनी ते समीकरण आधी वाचलं, त्यांच्या पट्ट्या ३६ हजार किलोमीटरवर नीट उलगडल्या.

आजच्यासाठी एवढंच. खोबरेल तेलाचं उदाहरण आवडलं असेल तर एपिसोड घरच्यांनाही ऐकवा, आणि बाटली गरम पाण्यात ठेवल्यावर मधूनमधून हलवत जा. मधला गोळा लवकर विरघळेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!